टाकीत राहिलेलं पेट्रोल

आमच्या गावात ते मशीन सुरू झालं की बाया दारं ओढून घेत. घरात कोणी आजारी असेल तर खिडक्याही. पावसाळ्यात जरा उघडीप मिळाली की सकाळी काकांच्या पडवीतून आधी खोकल्यासारखे तुटक आवाज येत आणि मग तो एकसारखा कर्कश सूर लागे. आई हातातलं भांडं तसंच ठेवून म्हणायची, "आता कोणाचा नंबर लावला यांनी?"

मी त्यांना काका म्हणायचे, पण नात्याने ते आमचे कोणी नव्हते. घराला घर लागून, मधे एक करवंदीचं कुंपण. त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. गावातल्या कोणाला विचारलं तर तो आधी हसेल आणि मग विषय बदलेल.

आमचं गाव सफाळ्याहून आत आहे. काकांनी बरीच वर्षं तारापूरच्या कॉलनीत एका बागेच्या ठेकेदाराकडे काम केलं. तिथल्या हिरवळी कापायच्या, कडेचं रान काढायचं. ठेकेदाराने नवी मशिनं आणली तेव्हा काकांनी एक जुनं मागून घेतलं. गवत कापायचं, पेट्रोलवर चालणारं, पट्ट्याने खांद्याला अडकवायचं, लांब दांड्याच्या टोकाला फिरती पट्टी असलेलं. असं मशीन गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. असतं तरी काकांनी ते ज्यासाठी वापरलं त्यासाठी कोणी वापरलं नसतं. ते मसणवटीची वाट कापायचे.

आमची मसणवट नाल्यापलीकडे आहे. भाताच्या खाचरांमधून बांधाबांधाने जायचं, मग माळ, मग नाला. उन्हाळ्यात ही वाट बैलगाडी जाईल इतकी मोकळी असते. पावसाळ्यात माळावर खांद्याला लागेल एवढं गवत माजतं आणि वाट कुठे होती ते अंदाजानेच ठरवावं लागतं. पण ती आधी साफ करायची नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. माणूस गेल्यावर पोरं कोयते घेऊन पुढे होतात आणि त्यांच्या मागून तिरडी जाते. कोणी जायच्या आधीच वाट करून ठेवायची म्हणजे कोणाला तरी बोलावल्यासारखं होतं. सरणाची लाकडं जशी कोणी हौसेने घरात रचून ठेवत नाही, तसंच हे.

काकांनी ही रीत मोडली ती काकी गेल्यानंतर. मी तेव्हा लहान होते, आणि बायका मसणवटीत जात नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं ऐकलेलं. तिरडी वाटेत एकदाच खाली ठेवायची असते, माळाच्या तोंडाशी असलेल्या विसाव्याच्या दगडापाशी. तिथे खांदे बदलतात. एकदा विसावा झाला की मग थेट सरणावर. मधे माती लागू द्यायची नाही. काकी श्रावणात गेल्या. पाऊस थांबत नव्हता, ओल्या गवतावरून कोयते घसरत होते. पोरं पुढे वाट काढत होती, मागे तिरडी अडून राहत होती आणि खांदे भरून आले की चिखलात ठेवावी लागत होती. असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी उचलताना एकाचा पाय सरकला.

काका याबद्दल एकच वाक्य बोलायचे. "तिच्या तोंडाला चिखल लागला, आनि पुसायला एकाचा पन हात कोरडा नव्हता."

त्यानंतर दर पावसाळ्यात त्यांनी ती वाट मोकळी ठेवली. कोणी मरो न मरो. मशीन चालवताना त्यांचा अवतार बघण्यासारखा असे. दगड उडून लागू नयेत म्हणून नळाचे प्लास्टिकचे पाइप उभे चिरून नडग्यांना बांधलेले. डोळ्यांवर कॉलनीतल्या कामाच्या दिवसांतला जाड चष्मा. कमरेला काकींची हिरवी साडी, घड्यांवर घड्या घालून गोधडीसारखी जाड केलेली. दुसऱ्या कोणाचा असा वेष असता तर पोरं मागे लागली असती. काकांच्या मागे कोणी लागत नसे. ते वाटेने यायला लागले की आया पोरांना आत बोलावून घेत.

गावात कोणी अंथरुणाला खिळलं की काका भेटायला जात. बाकीचे बिस्किटं नेत, केळी नेत. काका वाटेची बातमी नेत. खाटेजवळ उकिडवे बसून ते अगदी गंभीरपणे सांगत, "माळापर्यंत मोकळी हाय. नाल्याच्या तोंडाला जरा निसरडं हाय. चार दिवस दम धर." त्यात टवाळी नव्हती. आजारी माणसाला दुसऱ्या कुठल्या गोष्टीने धीर येत असेल हे त्यांना खरंच कळत नव्हतं, असं मला वाटतं. एका घरातून त्यांना केरसुणी दाखवून हाकललं होतं. एक म्हातारी मात्र त्यांना पुरून उरली. ती त्या दुखण्यातून उठली आणि पुढे काका दिसले की ओट्यावरून ओरडायची, "काय रे मेल्या, माजा रस्ता डांबरी झाला का?"

"टेंडर निघालाय आजी," काका न हसता सांगायचे. "तू घाई करू नको."

मी घरातली पहिलीच कॉलेजला जाणारी. बाबा चौथीपर्यंत शिकले होते, आई शाळेत गेलीच नव्हती. पालघरच्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला त्या दिवसापासून काकांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला 'कॉलेज' म्हणायला लागले. "कॉलेज, इकडं ये. दोरी ओढ." मशीन सुरू करायला दोरी झटक्यात ओढावी लागते आणि त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. म्हणून मी जायचे. आईला ते आवडत नसे, पण बाबा म्हणायचे, "जाऊ दे. शिकेल काहीतरी."

एकदा त्यांनी ट्रंकेतून मशीनचं माहितीपुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. सगळं इंग्रजीत. मी शब्द लावत बसले. बारीक अक्षरं, बाणांनी भरलेली चित्रं. मला निम्मंसुद्धा कळत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी नुसती पानं उलटत राहिले. काकांच्या ते लक्षात आलं.

"ऱ्हाऊ दे," ते पुस्तक परत घेत म्हणाले. "मशीन काय इंग्रजीत बंद पडलेला नाय."

मशीन बंद पडलं की ते त्याला तीन प्रश्न विचारत. मोठ्याने, त्याच्याकडे बघून. "प्यायला हाय का? ठिनगी हाय का? श्वास हाय का?" पहिल्या प्रश्नाला टाकी उघडून बघायची आणि कार्बोरेटरखालचा छोटा रबरी फुगा दाबायचा. त्यात पेट्रोल चढताना दिसलं पाहिजे. दुसऱ्याला प्लग काढून लोखंडाला टेकवायचा आणि दोरी ओढायची. निळी ठिणगी दिसली की बरं. तिसऱ्याला हवेची जाळी काढून झटकायची. हा क्रम ते कधी बदलत नसत. बिघाड समोर दिसत असला तरी आधी तिन्ही प्रश्न.

ते फार हुशार मेकॅनिक होते असं मात्र नाही. या मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं आणि ऑइलच्या डब्यावर लिहिलेलं प्रमाण त्यांना चिकूपणा वाटायचा. ते सढळ हाताने ओतत. त्यामुळे त्यांचं मशीन चुलीसारखं धुरायचं आणि प्लग कायम काजळलेला असे. मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, ऑइल जास्त होतंय बहुतेक."

"तुजी आय तुज्या केसांना तेल लावते ते मोजून लावते का गं?"

मी ऑइलच्या डब्याला झाकण लावलं.

पण एका बाबतीत ते कधी चुकत नसत. काम झालं की टाकीतलं पेट्रोल बाटलीत परत ओतायचं आणि मग मशीन पुन्हा सुरू करून ते आपोआप विझेपर्यंत तसंच चालू ठेवायचं. म्हणजे आत थेंबही उरत नाही. "पोटात ठेवला का सडतो," ते म्हणायचे. कितीही दमलेले असले, कितीही पाऊस असला तरी हे केल्याशिवाय मशीन खुंटीला लागत नसे. वाट कापायचा आवाज बंद झाल्यावर थोड्या वेळाने पडवीतून हा दुसरा, विझत जाणारा आवाज येई. मला लहानपणापासून तो ओळखीचा होता.

बाबा बोईसरला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पावडरीची पोती भरायचे. आधी खोकला, मग जिना चढताना धाप, मग खाटेवरून उठतानाही धाप. काम सुटलं. मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन, आता घरीच ठेवा, असं सांगितलं. आईने मला ते सांगितलं नाही. तिने घरी येऊन बाबांसाठी नवी उशी शिवायला घेतली, त्यावरून मी समजले.

काका रोज सकाळी यायचे. बाबांच्या खाटेजवळ बसायचे, पण वाटेबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. पिकाचं बोलायचे, केळव्याला शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या किती येतात ते बोलायचे. बाबांच्या जवळ बसून त्यांना ती एक गोष्ट बोलता येत नव्हती, हे बघून मला जास्त भीती वाटली.

शेवटी बाबांनीच विषय काढला. मी पायथ्याशी बसून पुस्तक वाचत होते. बाबा वाक्याच्या मधे थांबून थांबून बोलायचे.

"दादा, माळावर गवात किती झालाय?"

काका जमिनीकडे बघून म्हणाले, "हाय गुडघाभर."

"इसाव्यानंतर मला खाली टेकवू नका. वहिनींसारका नको."

"नाय टेकवनार."

"आयकलंस ना तू पन?" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. मी मान हलवली. आई आत भाकरी थापत होती. तिचे हात थांबले होते, हे थापण्याचा आवाज बंद झाल्यावरून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि काकांच्या पडवीतून मशीनचा आवाज आला. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना बरं वाटलं असावं. आईला तसं वाटलं नाही. ती पिठाच्या हातांनी तशीच धावत कुंपणापलीकडे गेली आणि मी तिच्या मागे. काका पाइप बांधून, साडी गुंडाळून निघायच्या तयारीत अंगणात उभे होते.

"भावजी, बंद करा," आई म्हणाली. आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून ती पुन्हा ओरडली. "बंद करा! मी पाया पडते तुमच्या. ते हायत अजून. जित्ता मानूस आयकतो हाय तिकडं."

काकांनी बटण दाबलं. मशीन एकदम गप्प झालं. आई खरंच खाली वाकली, तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.

"नाय करनार, वयनी," ते म्हणाले. "तुमी सांगाल तवाच."

त्यांनी मशीन तसंच खुंटीला लावलं. त्या दिवशी तो विझत जाणारा आवाज आला नाही. नंतरही नाही. पाऊस परत लागला, गवत कमरेला आलं, मग छातीला. गणपती आले आणि गेले. काका रोज सकाळी यायचे, बसायचे आणि जाताना माळाच्या दिशेला एकदा बघायचे.

बाबा गणपतीनंतर गेले. सकाळी चहा अर्धा घेतला आणि उरलेला नको म्हणाले. दुपारपर्यंत माणसं जमली. मामा आले, बाबांच्या कामावरचे दोघे हिंदीत बोलणारे मित्र बोईसरहून आले. पाऊस थांबला होता, पण आभाळ भरलेलंच होतं. पोरं कोयते घासायला लागली तेव्हा आई आतून उठली, सगळ्या माणसांमधून वाट काढत पडवीत आली आणि काकांना म्हणाली, "भावजी, मशीन काढा."

काका लगेच उठले. मग मला म्हणाले, "कॉलेज, चल."

मी गेले. रडायचं मधेच थांबवून गेले, इतकंच आठवतं. त्यांनी मशीन पडवीत आडवं ठेवलं. मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. काही नाही, खोकलासुद्धा नाही.

"प्यायला हाय का?" काका म्हणाले. 

मी टाकी उघडली. आंबूस, रंगासारखा वास आला. आत पेट्रोल होतं, पण गढूळ, आणि तळाला पाण्यासारखा वेगळा थर बसला होता. फुगा दाबला तर तो चिकट लागला आणि दबलेला तसाच राहिला.

"काका, टाकी रिकामी नव्हती केली?"

"इसरलो," ते पटकन म्हणाले. कुंपणाजवळ आई उभी होती.

मामांच्या मोटरसायकलमधून नळीने ताजं पेट्रोल काढलं. टाकी दोनदा विसळली. काकांनी ऑइल ओतलं, नेहमीसारखंच जास्त. प्लग काढला, पुसला, ठिणगी होती. जाळी स्वच्छ होती. म्हणजे अडलं होतं पहिल्याच प्रश्नावर, पण टाकीत नाही, टाकीच्या पुढे, आत. काकांनी कार्बोरेटर उघडला. आत मधासारखा पिवळा थर सुकून बसला होता. बारीक भोकात टाचणी घालायची होती आणि त्यांच्या जाड बोटांना ती धरवेना, म्हणून मी घातली. फुंकर मारली. आतला पेट्रोल ओढणारा पातळ पडदा आक्रसून कडक झाला होता. तो नवा मिळाला असता पालघरच्या बाजारात.

जोडलं. काकांनी नडग्यांना पाइप बांधले, कमरेला साडी गुंडाळली. मी दोरी ओढली. मशीन सुरू झालं! अंगणात माणसं उठून उभी राहिली. काकांनी पट्टा खांद्याला लावला, दोन पावलं टाकली आणि ते विझलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेवढंच चाललं. माझ्या तळहाताची सालं निघाली होती. काका मशीनला विचारत राहिले, प्यायला हाय का, प्यायला हाय का, नुसता तोच एक प्रश्न.

"काका, आता सोडा," कोणीतरी म्हणालं. "पाऊस येईल. मेलेल्या मानसाला किती ताटकळवायचा?"

"या म्हाताऱ्याच्या नादी लागलो तर उद्या सकाळ व्हईल," दुसरा म्हणाला. "चला रे, कोयते घ्या."

काकांनी मशीन खाली ठेवलं. नडग्यांचे पाइप सोडले नाहीत, साडी सोडली नाही. तसेच, एक कोयता उचलून सगळ्यांच्या पुढे चालू लागले. मी आणि आई कुंपणाशी थांबलो. बायकांना तिथपर्यंतच जाता येतं.

पुढचं मामांनी सांगितलं. विसाव्यापर्यंत ठीक झालं. माळावर गवत डोक्याइतकं होतं. पोरं कापत होती, पण तिरडी अडली. खांदे भरून आले. मामा म्हणाले, जरा टेकवू या, दोन मिनिटं. तेव्हा काका कापता कापता मागे वळले. "टेकवायचा नाय," म्हणाले. आणि तिरडीखाली शिरून हातापायांवर ओणवे झाले, चिखलात. "ठेवा माझ्या पाठीवर." कोणी ठेवेना. "ठेवा म्हनतो ना, भडव्यांनो!" मग चौघांनी भार हातात सावरत तिरडी त्यांच्या पाठीवर टेकवली. वाट पुढे झाली की उचलायचे, पुढे जायचे, की हे पुन्हा ओणवे. नाल्यापर्यंत असंच. कमरेची हिरवी साडी चिखलाने काळी झाली होती, मामा म्हणाले. बाबांना माती लागली नाही.

त्या दिवसानंतर काका कधी सरळ उभे राहिले नाहीत. पाठ गेली ती गेलीच. थंडीत मी त्यांना सकाळचा चहा नेऊन द्यायचे. एकदा मी विचारलं, "तुम्ही विसरला नव्हता ना?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "नुसता ओतून भागत नाय, आतला जाळायला चालवावा लागला असता," ते म्हणाले. "तुज्या आयला आयकू गेला असता." मग बशी माझ्या हातात देत, "तिला सांगू नको."

मी सांगितलं नाही.

काका वैशाखात गेले. भर उन्हाळा, माळ खरवडल्यासारखा उघडा, गवताची काडी नाही. त्यांची तिरडी विसाव्यापासून नाल्यापर्यंत सरळ गेली, ना कोयत्याची गरज पडली, ना मशीनची. ती टेंडरवाली म्हातारी ओट्यावर बसून होती. "सगळ्यांचा रस्ता केलान," ती म्हणाली, "आनि सोता गेला तो असा फुकट." तिला हसायचं होतं बहुतेक, पण हसता आलं नाही.

मशीन आईने आमच्या पडवीत आणून ठेवलं.  मी पालघरहून नवा पडदा आणून बसवला. इतर गोष्टी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. ऑइल मी डब्यावर लिहिलंय तेवढंच घालते आणि दर वेळी मला ते कमी वाटतं.

या वर्षी पहिल्या उघडिपीला आईच म्हणाली, "माळावर गवत आलं असेल." मी विसाव्यापर्यंत कापून आले. मसणवटीच्या वाटेवर बाईमाणूस, म्हणून दोन म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली, पण अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेलं कापायला मी अंगणात मशीन सुरू केलं, तोच समोरच्या घरातली सून धावत आली. तिचा नवरा महिनाभर अंथरुणावर आहे. तोही बोईसरलाच कामाला होता. तिच्या कडेवर मूल होतं.

"ताई, बंद करा ना ते," ती म्हणाली. "त्यांना आयकू येते. मी पाया पडते तुमच्या."

मी बटण दाबलं. आई दारात आली होती. तिने त्या मुलीला वाकू दिलं नाही, खांद्याला धरून सरळ केलं आणि तिच्या घरापर्यंत पोचवून आली.

मी मशीन पडवीत घेतलं. टाकी बाटलीत उलटी केली. मग फुगा दाबायला सुरुवात केली, हळूहळू, पुन्हा पुन्हा. मशीन न चालवताही आतलं पेट्रोल असं बाहेर काढता येतं, फक्त वेळ लागतो. आई शेजारी येऊन बसली आणि तिने बाटलीचं तोंड नीट धरलं. फुग्यात आधी पेट्रोल दिसत होतं, मग फेस, मग नुसती हवा. तरी ती म्हणाली, "अजून दाब."

मी दाबत राहिले. काकांनी तेव्हा टाकी का रिकामी केली नाही हे तिला कोणी सांगितलं होतं, की त्या दिवशीच कुंपणापाशी कळलं होतं, हे मी विचारलं नाही.

फुगा पूर्ण कोरडा झाल्यावर आईने बाटलीला झाकण लावलं, उठली आणि भिंतीवरचा कोयता काढला.

"विसाव्याच्या पुढचं राहिलंय ना?" तिने विचारलं. समोरच्या घरात ऐकू जाणार नाही इतक्या हळू.